मुखभावमांद्य : पार्किन्सनच्या विकारातील स्थिर चेहरा आणि त्याचे वाचन

रोगाला मिळालेले नाव एका लक्षणाकडे बोट दाखविते आणि उरलेली लक्षणे त्या बोटाआड जातात. ‘कंपवात’ हा शब्द याचे चांगले उदाहरण होय. पार्किन्सनच्या विकारासाठी मराठीत हाच शब्द रूढ आहे आणि तो उच्चारताच थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीतही आरंभी असेच घडले. लंडनलगतच्या हॉक्स्टन येथे वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकारावर जो छोटा निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच ‘थरथरता पक्षाघात’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. निबंधाला आधार सहा रुग्णांचा. त्यांतील काहींना तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले होते. कंप, पुढे झुकलेली शरीरयष्टी, तोल सावरण्यासाठी धावत सुटल्यासारखी चाल यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही प्रमाण मानले जाते. चेहऱ्याकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे गेले नाही.

पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात या नावातील दोन्ही शब्दांवर आक्षेप घेतला. कंप सर्वच रुग्णांत आढळत नाही. आणि स्नायूंची शक्ती नष्ट झालेली नसल्याने ‘पक्षाघात’ म्हणणेही यथार्थ नाही. तेव्हा विकाराला पार्किन्सन यांचेच नाव द्यावे, असे त्यांनी सुचविले. शार्को यांच्या वर्णनात हालचालींची मंदता व अंगाचा ताठरपणा यांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि त्यांच्याबरोबर स्थिर झालेल्या मुद्रेलाही मिळाले. शार्को यांचा पहिला आक्षेप ‘कंपवाता’लाही तंतोतंत लागू पडतो. शब्द रूढ आहे. तो बदलण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते, ती अशी की, हाताचा कंप पाहून लोक रुग्णाची कीव करतात. उलट त्याचा स्थिर चेहरा पाहून त्याच्या स्वभावाविषयी मत बनवितात. भाषेच्या अभ्यासकाला या विकारात लक्ष घालावेसे वाटावे, ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

वैद्यकात या लक्षणाला ‘हायपोमिमिया’ असे ग्रीक घडणीचे नाव आहे. बोलताना बहुधा ‘मुखवट्यासारखा चेहरा’ असेच म्हटले जाते. हे रूपक सोयीचे असले तरी निरुपद्रवी नाही. देवाचा मुखवटा वगळला तर मराठीत मुखवटा हा चढविला जातो, कोणाचा तरी गळून पडतो, कोणाचा तरी फाडला जातो. म्हणजे मुखवट्यामागे काहीतरी मुद्दाम दडविलेले आहे, ही सूचना त्या शब्दातच आहे. पार्किन्सनच्या रुग्णाने काहीही चढविलेले नसते व दडविलेलेही नसते. म्हणून येथे ‘मुखभावमांद्य’ हा शब्द वापरला आहे. ‘अग्निमांद्य’ या जुन्या शब्दाचा त्याला आधार आहे. अग्निमांद्य झालेल्या माणसाचा जठराग्नी विझला, असे कोणी म्हणत नाही. तो मंद झाला एवढेच म्हणतात. चेहऱ्याचेही तसेच आहे.

हे मांद्य कोठून येते, हे समजण्यासाठी चेहऱ्याच्या हालचालींचे दोन मार्ग लक्षात घ्यावे लागतात. चेहऱ्याचे स्नायू मस्तिष्कातून निघणाऱ्या सातव्या मज्जातंतूच्या आज्ञेने हलतात. ही अखेरची वाट एकच असली, तरी तिच्यापर्यंत आज्ञा पोचविणारे वरचे मार्ग एकाहून अधिक आहेत. ‘हसा पाहू’ असे छायाचित्रकाराने म्हटल्यावर आपण जे हसतो, ते मुख्यतः मेंदूच्या बाह्यकातील प्रेरक क्षेत्राच्या आज्ञेने. आणि जुना मित्र अचानक समोर आल्यावर जे हसू फुटते, ते बाह्यकाखालच्या व मध्यरेषेजवळच्या निराळ्या केंद्रांच्या प्रेरणेने. या दोन हास्यांतला फरक द्युशेन या फ्रेंच वैद्याने विजेच्या साहाय्याने चेहऱ्याचे स्नायू एकेक करून उत्तेजित करून दाखविला. त्याचा ग्रंथ १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील छायाचित्रे डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या भावाविष्कारविषयक ग्रंथात वापरली. डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या हास्यातच आपसूक आवळतो, हे द्युशेनचे निरीक्षण प्रसिद्धच आहे.

नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ मोनराड-क्रोन यांनी १९२४ मध्ये या दोन मार्गांच्या विलगतेवर एक महत्त्वाचा लेख लिहिला. मेंदूच्या बाह्यकाला किंवा तेथून उतरणाऱ्या तंतूंना इजा झालेल्या रुग्णाला ‘दात दाखवा’ म्हटले तर त्याचे तोंड एका बाजूला ओढले जाते, पण खरोखर हसू आले की दोन्ही बाजू सारख्या हलतात. पार्किन्सनच्या विकारात चित्र बव्हंशी उलटे असते. सांगितल्यावर रुग्ण भुवया उंचावू शकतो, गाल फुगवू शकतो, हसूही शकतो. हालचाल हळू व आखूड होते, पण होते. जे हरवते ते न सांगता होणारे असते: बोलता बोलता उंचावणारी भुवई, दुसऱ्याच्या हसण्याला मिळणारी ओठांची साथ, ऐकताना कपाळावर येऊन जाणारी आठी. स्नायू धडधाकट, मज्जातंतू शाबूत, आणि तरीही चेहरा गप्प, अशी ही अवस्था आहे.

कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांत सापडते. मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागातील पेशी या विकारात झडत जातात. त्या पेशी डोपामीन हे द्रव्य पुरवितात; व्हिएन्ना येथे १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत या द्रव्याची तूट प्रत्यक्ष मोजली गेली आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेवोडोपा हे औषध मोठ्या मात्रेत तोंडाने देऊन गुण येतो, हे दाखविले. ही केंद्रे हालचाल करीत नाहीत. सवयीच्या, न योजलेल्या हालचालींना वेग आणि विस्तार पुरवितात. चालताना हात झुलणे, पापणी लवणे, गिळणे आणि मुद्रा पालटणे ही सर्व त्यांच्या देखरेखीखालची कामे होत. लेवोडोपाने चेहऱ्यातही काही प्रमाणात सुधारणा होते, परंतु ती हातापायांइतकी भरवशाची नसते.

रुग्णाच्या तपासणीत या लक्षणाचे मापन कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मापनपद्धतीत मुखभावाला शून्य ते चार गुण आहेत. केवळ पापण्यांची उघडझाप उणावली असेल तर एक. तोंडाभोवतीच्या हालचालीही कमी झाल्या, आपसूक येणारे हसू विरळ झाले, पण ओठ मिटलेले राहतात, तर दोन. स्वस्थ असताना ओठ अधूनमधून विलग राहत असतील तर तीन. बहुतेक वेळ विलग राहत असतील तर चार. परीक्षकाने रुग्णाला दहा सेकंद स्वस्थ बसलेला पाहावे, आणि बोलत असतानाही पाहावे, अशी सूचना आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ही पद्धत उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र ती मोजते ते स्नायूंचे चलन. चेहरा ज्याच्यासाठी हलतो, तो समोरचा माणूस या मापनात कोठेच नाही. आणि खरी अडचण तर त्याच्यापाशीच सुरू होते.

समोरचा माणूस चेहरा पाहत नाही, वाचतो. वाचनाला चिन्हव्यवस्था लागते आणि चिन्हव्यवस्थेत नसण्यालाही मूल्य असते, हे भाषेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको. ‘एक घर, दोन घरे’ यांत अनेकवचनाचा प्रत्यय ऐकू येतो. ‘एक दगड, दोन दगड’ यांत तो ऐकू येत नाही, तरी अनेकवचन कळते. पाणिनीय परंपरेने लोपाला जे शास्त्रीय स्थान दिले, ते याच जाणिवेने. जेथे काहीतरी येऊ शकले असते तेथे ते न येणे, हेही बोलणेच असते. चेहऱ्याच्या बाबतीत तर हा नियम फारच कडक आहे. नमस्कार केल्यावर समोरच्याचे ओठ हलले नाहीत, तर आपण ‘काही घडले नाही’ असे म्हणत नाही. ‘तो हसला नाही’ असे म्हणतो, आणि घरी जाऊन त्याचे कारण शोधत बसतो.

परंतु अभावाला अर्थ येतो तो भेद जिवंत असेपर्यंतच. त्रुबेत्स्कोय यांच्या १९३९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे भेदलोपाची कल्पना स्वनविचारात रुजली. जर्मन भाषेत ‘चाक’ व ‘सल्ला’ या अर्थांचे दोन शब्द लेखनात अन्त्य व्यंजनाने वेगळे राहतात. उच्चारात दोन्ही ‘राट’. अशा स्थानी ऐकलेल्या अघोष व्यंजनावरून वक्त्याने अघोषाची निवड केली, असा निष्कर्ष काढता येत नाही. तेथे निवडच नव्हती. मराठीतही शब्दान्तीचे इकार-उकार दीर्घच उच्चारले जातात. ‘कवि’ लिहावे की ‘कवी’, यावर १९६२ च्या लेखननियमांच्या आगेमागे पुष्कळ शाई खर्च झाली; कानाला त्या वादाचा पत्ताही नव्हता.

पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा हे असे भेदलोपाचे स्थान आहे. तेथे हसू न दिसणे आणि हसू नसणे यांतील नाते तुटलेले असते. श्रोता मात्र ते नाते शाबूत आहे असे धरून चालतो. ज्याला हसता येते त्याने न हसावे, याचा जो अर्थ होतो, तोच अर्थ तो येथे लावतो. हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. जन्मापासून जडलेली ती सवय आहे. बालकाशी खेळता खेळता आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निश्चल ठेवावयाचा, असा प्रयोग ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. काही महिन्यांचे मूल प्रथम आईला हसविण्याचा प्रयत्न करते, मग अस्वस्थ होते, मग तोंड फिरवून घेते. मोठी माणसेही थोड्याफार फरकाने हेच करतात. फक्त ती रडत नाहीत, जाणे-येणे कमी करतात.

भारतीय परंपरेत चेहऱ्याच्या या व्याकरणाचा विचार फार पूर्वी झाला आहे. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात डोळे, भुवया, नाक, गाल, ओठ व हनुवटी या उपांगांच्या हालचालींची वर्गवारी आहे: दृष्टी ३६ प्रकारच्या, भुवयांची कर्मे सात, मुखराग चार. भुवयांच्या कर्मांत ‘सहज’ म्हणजे स्वाभाविक स्थितीचीही गणना आहे. तसेच चार मुखरागांत एक ‘स्वाभाविक’ आहे. न हललेली भुवई हीदेखील कोष्टकातील एक जागा अडविते, हे भरताने ओळखले होते.

याहून उद्बोधक आहेत ते आठ सात्त्विक भाव: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय. मनाची एकाग्रता झाल्याखेरीज हे भाव अभिनेत्याला आणता येत नाहीत, म्हणून त्यांना सत्त्वाशी जोडले आहे. प्रेक्षकाला ते अंतःकरणाचे सर्वांत भरवशाचे पुरावे वाटतात. आता या यादीतील तीन शब्द पुन्हा वाचावेत. स्तंभ म्हणजे अंग ताठ व निश्चल होणे, वेपथू म्हणजे कंप, आणि स्वरभेद म्हणजे आवाज पालटणे. पार्किन्सनच्या विकाराची ही तीन ठळक लक्षणे होत. ज्या खुणा परंपरेने भावनेच्या खात्रीच्या साक्षी मानल्या, त्याच येथे भावनेवाचून उभ्या राहतात. आणि जी भावना खरोखर असते, तिला साक्षीदार मिळत नाही. भरताने कंपाच्या कारणांत भय, हर्ष व क्रोध यांच्या जोडीला थंडी व वार्धक्य यांनाही जागा दिली आहे, हे त्याच्या निरीक्षणाचे वैशिष्ट्य. कोणते कारण घ्यावयाचे, हे प्रेक्षकाला प्रसंगावरून कळते. दिवाणखान्यात समोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत पाहुण्याला असा प्रसंग कोणी समजावून देत नाही.

श्रोत्याची ही चूक अज्ञानामुळे होते, वैद्यकाच्या शिक्षणाने ती टळते, अशी समजूत होणे साहजिक आहे. लिंडा टिकल-डेग्नेन, लेस्ली झेब्रोविट्झ व हुइ-इंग मा यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ती समजूत डळमळीत केली. अमेरिका व तैवान या दोन देशांतील आरोग्यसेवेतील २८४ व्यावसायिकांना रुग्णांच्या मुलाखतींतील लहान चित्रफिती दाखविण्यात आल्या. रुग्ण २४, निम्मे अमेरिकन, निम्मे तैवानी, प्रत्येक गटातील अर्ध्यांना मध्यम प्रमाणात मुखभावमांद्य, उरलेल्यांचे चेहरे जवळजवळ नेहमीसारखे. दोन्ही देशांतील व्यावसायिकांनी मांद्य असलेल्या रुग्णांना अधिक खिन्न, कमी मिळून-मिसळून वागणारे, इतरांना कमी आधार देणारे आणि बुद्धीने उणे ठरविले. अमेरिकन परीक्षकांचा पूर्वग्रह मिळून-मिसळून वागण्याच्या बाबतीत अधिक होता, तर तैवानी परीक्षकांचा बुद्धीच्या बाबतीत. स्त्रियांच्या चेहऱ्यावरील मांद्याला, विशेषतः अमेरिकन स्त्रियांच्या, पुरुषांपेक्षा अधिक कठोर निकाल मिळाला.

या निष्कर्षांतील शेवटचे दोन विशेष महत्त्वाचे आहेत. चेहरा तोच, पण त्याच्या गप्पपणाचा अर्थ देशानुसार व रुग्ण स्त्री आहे की पुरुष यानुसार बदलला. हा अर्थ चेहऱ्यात असता तर तो असा बदलला नसता; ज्या समाजात ज्याच्याकडून जितक्या हास्याची अपेक्षा, तितकी तूट त्याच्या नावावर मांडली गेली. स्त्रीने हसतमुख असावे, ही अपेक्षा जेथे अधिक तेथे तिचा स्थिर चेहरा हा दोष ठरतो.

मराठीपुरते पाहावयाचे तर शब्दसंग्रहच पुरेसा बोलका आहे. हलणाऱ्या चेहऱ्यासाठी मराठीत वर्णनपर वाक्प्रचार विपुल आहेत: नाक मुरडणे, डोळे वटारणे, तोंड फुगविणे, कपाळाला आठ्या घालणे, भुवया ताणणे, चेहरा उतरणे, चेहरा खुलणे. यांत अवयव आहे, क्रिया आहे. न हलणाऱ्या चेहऱ्याकडे वळले की वर्णन संपते व निवाडा सुरू होतो: मख्ख, ढिम्म, घुम्या, ठोंब्या, तुटक, शिष्ट, माणूसघाणा. यांपैकी पहिले दोन बुद्धीवर घसरतात, शेवटचे तीन स्वभावावर. ‘निर्विकार’ हा एकच शब्द वरकरणी तटस्थ. पण तोही योग्याविषयी वापरला तर स्तुती आणि वडिलांविषयी वापरला तर तक्रार. चेहरा स्थिर आहे, एवढेच सांगणारा व माणसाविषयी काही न सुचविणारा रूढ शब्द मराठी बोलण्यात सहजी सापडत नाही.

२०२० मधील साथीच्या काळात सर्वांच्याच नाकातोंडावर मुखपट्टी आली, तेव्हा कोणी कोणाला तुटक म्हटले नाही. भेद लोपला आहे हे पट्टीवरूनच दिसत होते, आणि लोकांनी मानेने, हाताने, थोड्या चढ्या आवाजाने भागवून घेतले. पार्किन्सनच्या रुग्णापाशी अशी दिसणारी पट्टी नसते.

शिवाय, आवाजाने भागवून घेण्याची सोयही त्याला नसते, आणि येथे प्रश्न थेट भाषाविज्ञानाच्या अंगणात येतो. मेयो क्लिनिकमधील डार्ली, ॲरनसन व ब्राउन यांनी १९६९ मध्ये उच्चारदोषांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात या विकारातील बोलण्याचे विशेष असे नोंदविलेले आहेत: स्वराची उंची एकसुरी, आवाजाची पातळी एकसारखी, आघात क्षीण, व्यंजने पुसट, मध्येच घाईघाईचे तुकडे. म्हणजे चेहऱ्यावरील व आवाजातील चढउतार एकाच वेळी सपाट होतात. हे आश्चर्याचे नाही. ओठ, जीभ व स्वरयंत्र यांच्या हालचालींनाही त्याच केंद्रांकडून विस्तार मिळतो.

योगायोग असा की, चेहऱ्याच्या दोन मार्गांवर लिहिणाऱ्या मोनराड-क्रोन यांनीच १९४७ मध्ये भाषेच्या सुरावटीवरही एक लेख लिहिला. १९४१ मधील हवाई हल्ल्यात डोक्याला जखम झालेली एक नॉर्वेजियन स्त्री वाचली, पण तिच्या बोलण्याची सुरावट बदलली आणि ऐकणाऱ्यांना तिचे नॉर्वेजियन जर्मन माणसाच्या बोलण्यासारखे वाटू लागले. देश जर्मन ताब्यात होता. दुकानांत तिला माल नाकारला जाऊ लागला. शब्द व व्याकरण तिच्याच भाषेचे होते, सूर तेवढा फिरला होता, आणि लोकांनी सुरावरून तिचे राष्ट्रीयत्व ठरविले. सुरावट विपरीत होणे, ती अतिरिक्त होणे आणि ती नाहीशी होणे, असे भेद मोनराड-क्रोन यांनी केले. पार्किन्सनचा विकार तिसऱ्या प्रकारात येतो. त्या स्त्रीला परकी ठरविणारे लोक आणि रुग्णाला निरुत्साही ठरविणारे आप्त एकाच रीतीने चुकतात.

मराठीत सुरावटीवर किती भार आहे, याचा हिशेब मांडला तर या लोपाची किंमत कळते. ‘तुम्ही जेवलात’ हे विधान आहे की प्रश्न, हे केवळ सुरावर ठरते. ‘हो’ हा एकच वर्ण होकार, शंका, आश्चर्य, कंटाळा यांपैकी काहीही असू शकतो. ‘या, बसा’ हे आदरार्थी रूप व्याकरणाने आदर दाखविते खरे. पण सपाट सुरात व स्थिर मुद्रेने म्हटले की त्यात स्वागत उरत नाही, कार्यालयातील सूचना उरते.

एक नेहमीचा घरगुती प्रसंग घ्यावा. सून चहाचा कप पुढे ठेवते आणि विचारते, “बाबा, चहा बरा झालाय ना?” सासरे म्हणतात, “बरा झालाय.” मराठीतील ‘बरा’ हा शब्द फसवा आहे. भुवया किंचित उंचावून, शेवटचा स्वर थोडा लांबवून म्हटला तर ती पावती; काही न करता म्हटला तर ‘चालेल, पिण्यासारखा आहे.’ सासऱ्यांना चहा खरोखर आवडलेला असतो. त्यांनी आयुष्यभर ‘बरा’ म्हणूनच कौतुक केलेले असते, कारण फार बोलून दाखविणे त्यांच्या पिढीच्या रीतीत बसत नव्हते. उरलेले काम चेहरा करीत असे. आता चेहरा ते काम करीत नाही, हे त्यांना स्वतःला कळलेले नसते. सुनेला शब्द तेवढे मिळतात.

‘त्यांना स्वतःला कळलेले नसते’ हे विधान अलंकारिक नाही. आपण किती हललो, आपला आवाज किती मोठा आला, याचा अंदाजच या विकारात चुकतो. रुग्णाला नेहमीच्या पातळीवर बोलावयास लावले तर त्याला आपण ओरडत आहोत असे वाटते. छायाचित्रातील स्वतःची मुद्रा पाहून अनेकांना नवल वाटते. भावना उद्दीपित करणारी दृश्ये दाखवून केलेल्या प्रयोगांत रुग्णांच्या चेहऱ्यावरील हालचाल इतरांपेक्षा कमी, पण त्यांनी सांगितलेली भावनेची तीव्रता मात्र इतरांसारखीच, असेही आढळले आहे.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. स्थिर चेहऱ्यामागे नेहमी भरलेले मनच असते, असे मानणे ही उलट बाजूची तीच चूक होईल. खिन्नता व निरिच्छा हे या विकाराचे खरे घटक आहेत, पुष्कळ रुग्णांत ते आढळतात आणि त्यांवर उपचारही करावे लागतात. मुद्दा इतकाच की, ते आहेत किंवा नाहीत याचा निर्णय चेहऱ्यावरून करता येत नाही. विचारावे लागते, आणि उत्तर ऐकून घेण्यासाठी थांबावे लागते. कारण उत्तराचा आरंभही मंद असतो, आणि त्या विरामाला ‘बोलायचे नाही’ असे समजून दुसराच कोणी रुग्णाच्या वतीने बोलून टाकतो.

उपायांच्या दृष्टीने भाषेच्या अभ्यासकाला दोन गोष्टी लक्षणीय वाटतील. पहिली, लॉरेन रेमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकसित केलेली वाचोपचाराची पद्धत. चार आठवड्यांत सोळा बैठका, आणि सूचना जवळजवळ एकच: मोठ्याने बोला. उच्चार, श्वास, आघात यांविषयी स्वतंत्र धडे नाहीत. जी हालचाल आपसूक मोठी होत नाही, ती हेतूपूर्वक मोठी करावयाची आणि ‘ओरडल्यासारखा’ वाटणारा आवाजच योग्य आवाज आहे, अशी कानाची नवी सवय लावावयाची. या उपचारानंतर चेहऱ्याची हालचालही वाढलेली दिसते, असे प्राथमिक अभ्यासात आढळले. न सांगता होणारा मार्ग क्षीण झाल्यावर सांगून होणाऱ्या मार्गाने काम चालवावयाचे, हे तत्त्व द्युशेन व मोनराड-क्रोन यांनी दाखविलेल्या भेदाशी जुळणारे आहे.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. चेहऱ्यावर व सुरावर सोपविलेले जे अर्थ भाषेत शब्दरूपानेही मांडता येतात, ते शब्दांत आणावयाचे. ‘तुम्ही जेवलात’ याला ‘का’ जोडला की प्रश्न सुरावर अवलंबून राहत नाही. ‘ना’, ‘की’, ‘बरे का’, ‘हं’ ही अव्यये मराठीत वक्त्याची वृत्ती उघडपणे सांगतात; सपाट सुरातही ती ऐकू येतात. ‘बरा झालाय’ याऐवजी “आज चहा फार छान झालाय, आवडला मला” असे म्हटले की सुनेला चेहऱ्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. पार्किन्सनच्या मराठीभाषक रुग्णांच्या बोलण्यात ‘का’ असलेले व नसलेले प्रश्न ध्वनिमुद्रित करून ते इतर श्रोत्यांना ऐकवावेत, आणि कोणते प्रश्न प्रश्न म्हणून ओळखले जातात हे मोजावे, एवढा अभ्यासही एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल. व्याकरणात उतरलेला अर्थ आणि सुरावर तरंगणारा अर्थ यांची सीमारेषा त्यातून मराठीपुरती तरी आखता येईल.

सर्वच अर्थ असे शब्दांत उतरतील, असे मात्र नाही. ‘शहाणाच आहेस’ हे वाक्य नातवाला उद्देशून आजोबा म्हणतात, तेव्हा त्याचा शब्दार्थ, उपरोध आणि त्या उपरोधाआडचे लाड हे तीनही एकाच वेळी पोचावे लागतात. शब्द पहिल्यापुरते; दुसरा सुरावर आणि तिसरा डोळ्यांच्या कडांवर. ‘गमतीने म्हणतो हं’ अशी पुस्ती जोडता येते आणि रुग्ण ती जोडतातही. नातवाला मग आजोबा रागावलेले नाहीत एवढे कळते, पण हसू येत नाही.